फॉलोअर नव्हे, परत येणारं गिऱ्हाईक मोजा

फेब्रुवारी सरत आला की कोकणातल्या आंबा बागायतदारांच्या फोनवर चित्रीकरण सुरू होतं. झेल्याने उतरवलेलं फळ, गवतात रचलेली आढी, पेटीत बसवलेले डझन. रील टाकली की हजारो लोक पाहतात, शेकडो बदाम पडतात, ‘भाव काय?’ विचारणारे पन्नास-साठ जण निघतात. प्रत्यक्षात पेट्या जातात पाच-सहा. मग बागायतदाराला वाटतं, रील कमी पडली. दुसऱ्या दिवशी तो आणखी एक टाकतो.

येवल्यात पैठणी विकणाऱ्यांचा, घरगुती मसाले करणाऱ्या ताईंचा, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या बचतगटांचा अनुभव वेगळा नाही. लोक बघतात, वाहवा करतात आणि पुढे जातात. अशा वेळी सल्ला मिळतो तो एकच: ‘रोज पोस्ट टाका.’ मला हा सल्ला अपुरा वाटतो. समाजमाध्यम तुमची ओळख करून देतं, विक्री मात्र विश्वासावर होते. न पाहिलेल्या माणसाला आगाऊ पैसे पाठवायचे, तर गिऱ्हाइकाच्या मनात दहा शंका असतात. त्या शंकांना वेळेवर, खरी आणि पूर्ण उत्तरं देणं हेच छोट्या व्यवसायाचं ऑनलाइन मार्केटिंग. ते कसं करायचं, कुठे अडतं आणि पैसा कुठे वाया जातो, हे हापूस थेट विकणाऱ्या बागायतदाराचं उदाहरण धरून पाहू. तुमचा माल वेगळा असला तरी वाट हीच आहे.

आधी प्रश्नांची वही

कोणतीही पोस्ट करण्याआधी एक साधी वही घ्या. मागच्या हंगामात फोनवर, व्हॉट्सअ‍ॅपवर, प्रत्यक्ष भेटीत गिऱ्हाइकांनी जे जे विचारलं ते त्यात लिहा, आणि त्यांच्याच शब्दांत लिहा. हापूसवाल्याची वही साधारण अशी दिसेल: पेटीत किती डझन? फळ किती ग्रॅमचं? कच्चा पाठवता की तयार? किती दिवसांत पिकेल? कार्बाइड वापरता का? खरा देवगड कशावरून? आत साका, म्हणजे खराब गर, निघाला तर? गावी आहोत, पुढच्या आठवड्यात पाठवाल का?

यातला प्रत्येक प्रश्न म्हणजे एक पोस्ट, एक छोटा व्हिडिओ किंवा ब्लॉगवरचा एक लेख. ‘आज काय टाकू?’ ही रोजची चिंता इथेच मिटते. शिवाय ‘दर्जेदार, अस्सल, नंबर एक’ असली विशेषणं लिहायची गरज उरत नाही, कारण ती शेजारचा बागायतदारही लिहितो. वजनकाट्यावर ठेवलेल्या फळाचा फोटो आणि खाली ‘या पेटीतली फळं 220 ते 250 ग्रॅमची’ एवढी एक ओळ दहा विशेषणांपेक्षा जास्त काम करते.

‘खरा कशावरून?’ या प्रश्नावर तर हंगामभर बोलता येईल. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या हापूसला 2018मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तुमच्याकडे त्याची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असेल तर प्रमाणपत्र दाखवा. बाग कोणत्या गावात, झाडं किती, तोड कोणत्या तारखेची, हे सांगा. जे शोधून पडताळता येतं, त्यावरच माणूस विश्वास ठेवतो.

भाव लपवू नका

पोस्टखाली कुणी किंमत विचारली की ‘इनबॉक्स पाहा’ असं उत्तर देण्याची पद्धत पडली आहे. स्पर्धकाला भाव कळू नये हा त्यामागचा हेतू. स्पर्धकाला तो बाजारात तासाभरात कळतोच; अडतं ते गिऱ्हाईक. त्याला वाटतं, माणूस पाहून भाव सांगतील. भाव रोज बदलत असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि आजचा भाव तारखेसह द्या.

विचारणेला दिलेलं उत्तरही पूर्ण हवं. ‘3,200 रुपये पेटी’ एवढंच लिहिलं की पुढचे पाच प्रश्न उरतात आणि त्या ये-जा करण्यात गिऱ्हाईक निसटतं. त्याऐवजी असं उत्तर तयार ठेवा:

‘नमस्कार. पाच डझनांची पेटी, फळ 220 ते 250 ग्रॅमचं, पुण्यात घरपोच 3,200 रुपये. आंबा कच्चा येईल, घरी गवतात ठेवल्यावर आठ-दहा दिवसांत तयार होईल. कसा ठेवायचा ते पेटीतल्या कागदावर लिहिलेलं आहे. सोमवारी निघालेली पेटी बुधवारपर्यंत मिळते. खराब फळ निघालं तर दोन दिवसांत फोटो पाठवा, तेवढ्या फळांचे पैसे परत करतो. पेटी हवी असल्यास नाव, पत्ता आणि पिनकोड कळवा.’

यात भाव आहे, माल कसा येईल ते आहे, जोखीम कुणाची ते आहे आणि पुढे काय करायचं तेही आहे. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस या मोफत अ‍ॅपमध्ये असे मजकूर झटपट उत्तर म्हणून साठवून ठेवता येतात, मालाचा कॅटलॉग लावता येतो, रात्रीच्या विचारणेला आपोआप पोच देता येते. फक्त पोच देऊन थांबू नका. सकाळी माणसाचं उत्तर गेलंच पाहिजे.

सगळीकडे थोडंथोडं करण्यापेक्षा

फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅप, ब्लॉग अशा पाच ठिकाणी एकट्या माणसाने रोज हजर राहणं शक्य नाही. बाग, फवारणी, तोड, पॅकिंग सांभाळून तर नाहीच. महिनाभर उत्साह टिकतो, मग खाती ओसाड पडतात. मे महिन्यात कुणी तुमचं पान उघडलं आणि शेवटची पोस्ट मागच्या वर्षीची दिसली, तर धंदा बंद पडला असं तो समजतो. असं अर्धवट खातं नसलेलं बरं.

म्हणून तीन कामांसाठी तीन जागा ठरवा. नवी ओळख होण्यासाठी इन्स्टाग्राम किंवा फेसबुक यांपैकी एक, तुमचं गिऱ्हाईक जिथे जास्त असेल ते. बोलणं आणि ऑर्डर घेण्यासाठी व्हॉट्सअ‍ॅप. आणि सविस्तर, टिकाऊ माहितीसाठी ब्लॉग किंवा छोटी वेबसाइट. दुकान किंवा विक्रीकेंद्र असेल तर गूगलवर व्यवसायाची नोंद जरूर करा. ती मोफत आहे आणि ‘जवळपास’ शोधणाऱ्याला नकाशावर तुम्ही दिसता. तिथली वेळ आणि फोन नंबर मात्र अचूक ठेवा. बंद दुकानापाशी येऊन परत गेलेलं गिऱ्हाईक सहसा पुन्हा येत नाही.

ही जागा भाड्याची आहे

समाजमाध्यमावरचं पान म्हणजे भाड्याचा गाळा. मालक कधीही नियम बदलतो, कधी गाळाच बंद करतो. हे नुसतं भय नाही, घडलेलं आहे. जानेवारी 2018मध्ये फेसबुकने फीडमध्ये मित्र-नातेवाइकांच्या पोस्टना प्राधान्य द्यायचं जाहीर केलं आणि व्यवसायांच्या पानांची पोच घसरली. जून 2020च्या अखेरीस भारतात टिकटॉकवर बंदी आली. वर्षानुवर्षं जमवलेले फॉलोअर एका रात्रीत हातचे गेले. 4 ऑक्टोबर 2021ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडले. ज्यांचा सगळा व्यवहार तिथेच होता त्यांना ते तास हातावर हात ठेवून काढावे लागले. गूगलच्या व्यवसाय-नोंदीतून ज्यांनी मोफत वेबसाइट बनवल्या होत्या, त्या मार्च 2024मध्ये गूगलने बंद केल्या.

मग भाड्याच्या जागेत बसायचंच नाही का? बसायचं, पण तिथे भेटलेलं गिऱ्हाईक आपल्या यादीत आणायचं. नाव, नंबर, गाव, काय घेतलं, कधी घेतलं, काही तक्रार होती का, एवढे सहा रकाने साध्या एक्सेलच्या पानावर पुरतात. हीच तुमच्या व्यवसायाची खरी मिळकत. तिची एक प्रत फोनबाहेर ठेवा.

यादी करताना संमती विचारा: ‘पुढच्या हंगामात पहिली तोड झाली की कळवू का?’ हो म्हणणाऱ्यालाच कळवा. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याच्या मुळाशीही संमतीच आहे. कुठून तरी विकत घेतलेल्या हजार नंबरांवर संदेश फेकले की लोक तक्रार नोंदवतात आणि व्हॉट्सअ‍ॅप तुमचा नंबरच बंद करू शकतं. आणखी एक बारीक गोष्ट: व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. म्हणून पहिल्या ऑर्डरच्या वेळीच सांगा, ‘आमचा नंबर सेव्ह करून ठेवा.’ पेटीतल्या कागदावरही ते छापा.

आणि खात्यांच्या किल्ल्या स्वतःकडे ठेवा. पान भाच्याने काढलं, डोमेन वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावावर, पासवर्ड जुन्या कामगाराच्या फोनमध्ये, अशी अवस्था मी कितीतरी व्यवसायांत पाहते. संबंध बिघडले की व्यवसायाचं नावच अडकून पडतं. डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर घ्या, प्रत्येक खात्याला दुहेरी पडताळणी लावा, मदतनिसाला काम करण्यापुरताच प्रवेश द्या.

ब्लॉग कशाला?

‘आता कोण वाचतं?’ असं लोक विचारतात. वाचतो तो ज्याला गरज आहे. रील बघणारा माणूस करमणुकीसाठी आलेला असतो. ‘हापूस घरी कसा पिकवावा’ असं गूगलवर शोधणाऱ्याच्या घरात मात्र पेटी आलेली असते किंवा येणार असते. रील दोन-चार दिवसांत मागे पडते. नीट लिहिलेला लेख पुढच्या हंगामातही सापडतो.

दुसरं एक गिऱ्हाईक मुद्दाम लक्षात घ्या. अमेरिकेत राहणारी मुलगी दादरच्या किंवा डोंबिवलीच्या आई-वडिलांसाठी पेटी मागवते. तिच्या जागेपणी तुमची रात्र असते. फोनवर बोलणं तिला जमत नाही, सगळं वाचूनच ठरवायचं असतं. भाव, पोचण्याची तारीख, पैसे कसे भरायचे, आई-वडिलांना फोन करून जाल का, ही उत्तरं लिहिलेली सापडली तर ती रात्रीतून ऑर्डर देते.

लेख कसा लिहावा? वहीतला एक प्रश्न हेच शीर्षक. पहिल्या दोन ओळींत थेट उत्तर, मग तपशील. उदाहरणार्थ, आंबा पिकवण्याविषयी: पेटी आल्याबरोबर उघडा, फळं गवतात एका थरात पसरा, हवा खेळू द्या, रोज उलटून बघा, सुगंध सुटला आणि दाबल्यावर किंचित मऊ लागलं की तयार, पूर्ण तयार होण्याआधी फ्रिजमध्ये ठेवू नका. सोबत स्वतःच्या घरातल्या आढीचे फोटो. साक्याबद्दलही खरं लिहा: फळ आतून खराब आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणून एखादं निघू शकतं, आणि निघालं तर आम्ही काय करतो. जे इतर विक्रेते टाळतात ते तुम्ही लिहिलंत की गिऱ्हाईक तुमच्याकडे वळतं.

मराठीत लिहा, बोलता तसं लिहा. तयार मजकूर करून देणाऱ्या एआय साधनांची मदत व्याकरणापुरती किंवा मुद्दे लावण्यापुरती घ्या. तुमच्या बागेतला यंदाचा पाऊस, मोहोर कधी आला, फळ का उशिरा, हे त्या साधनाला माहीत नसतं, आणि वाचणाऱ्याला हवं असतं नेमकं तेच. मालाचा फोटो तर कधीही कृत्रिम वापरू नका. फोटोतलं फळ आणि पेटीतलं फळ वेगळं दिसलं की सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

हंगामी व्यवसायाने लेख हंगामाच्या दोन-तीन महिने आधी टाकावेत. गूगलला नवं पान शोधून वर आणायला वेळ लागतो. आंब्याचे लेख डिसेंबर-जानेवारीत, फराळाचे जुलै-ऑगस्टमध्ये.

जाहिरातीचा हिशेब कागदावर मांडा

‘बूस्ट’चं बटण दाबणं सोपं आहे, म्हणून पैसे तिथे सहज जातात. आधी हिशेब मांडा. समजा, 2,000 रुपयांची जाहिरात केली. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 2,360 रुपये गेले. साठ जणांनी विचारलं, बारा पेट्या गेल्या. म्हणजे एका पेटीमागे साधारण 197 रुपये जाहिरातीचे. पेटीमागे तुमच्या हातात 300 रुपये राहत असतील, तर उरले 103. त्यातून दोन पेट्यांची भरपाई द्यावी लागली की नफा संपला.

पण याच बारा जणांपैकी पाच जणांनी त्याच हंगामात दुसरी पेटी घेतली, तर तिच्यावर जाहिरातीचा खर्च शून्य. जाहिरात परवडते की नाही, हे अशा परत येण्यावर ठरतं. म्हणून साठ विचारणांतल्या अठ्ठेचाळीस का गेल्या, ते आधी शोधा. उत्तर उशिरा गेलं? भाव जास्त वाटला? त्यांच्या गावात पोच नव्हती? हे दुरुस्त न करता जाहिरात दुप्पट केली तर गळतीही दुप्पट होते.

जाहिरात करायचीच तर जिथे माल पोचतो तेवढ्याच शहरांपुरती ठेवा. लहान रकमेने सुरुवात करा, दोन वेगळे फोटो लावून पाहा आणि ज्यावर विचारणा जास्त येते तो पुढे चालवा. पैसे देऊन फॉलोअर मात्र विकत घेऊ नका. ती खोटी खाती काहीच विकत घेत नाहीत.

तक्रार सगळ्यांसमोर येते, उत्तरही येऊ द्या

कुणी पोस्टखाली लिहिलं, ‘अर्धी पेटी खराब निघाली, फसवणूक आहे’, तर पहिला विचार येतो तो पुसून टाकण्याचा. तसं करू नका. पुसलेली तक्रार स्क्रीनशॉट होऊन परत येते. वाद घालू नका, ‘बाकी कुणाची तक्रार नाही’ असंही लिहू नका. दोन-तीन ओळी पुरतात: ‘ताई, वाईट वाटलं. कोणत्या तारखेची पेटी होती ते कळवा आणि फळांचे फोटो कृपया व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. आज संध्याकाळपर्यंत फोन करतो.’ मग खरंच फोन करा, आणि मिटल्यावर त्याच जागी लिहा की पैसे परत केले. ती तक्रार शंभर जण वाचतात. तक्रार आल्यावर तुम्ही कसे वागता, हे पाहूनच त्यातले काही ऑर्डर देतात.

चांगले अभिप्राय मागायला संकोचू नका, पण ते खरे हवेत. नातेवाइकांकडून पाच-पाच तारे लिहून घेणं गिऱ्हाइकाला फसवणं आहे. ऑनलाइन अभिप्रायांसाठी भारतीय मानक ब्युरोने 2022मध्ये ‘आयएस 19000’ हे मानकही आणलं आहे.

दावे, कायदा आणि फसवणूक

घरगुती उत्पादनं विकणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक म्हणजे औषधी दावे. ‘हे पीठ खा, मधुमेह बरा होतो’ असं लिहिणं 1954च्या आक्षेपार्ह औषध-जाहिरात कायद्यानुसार गुन्हा ठरू शकतो. पदार्थात काय आहे, तो कसा केला, किती दिवस टिकतो हे सांगा. बरं करण्याची भाषा टाळा. पॅकबंद खाद्यपदार्थ विकत असाल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी आधी घ्या आणि 14 आकडी क्रमांक पाकिटावर छापा. कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे, त्यामुळे ‘कार्बाइडमुक्त’ हे उपकार म्हणून सांगू नका. कसं पिकवता ते दाखवा.

एखाद्या इन्फ्लुएन्सरला पैसे किंवा फुकट पेटी देऊन व्हिडिओ करून घेतला, तर ती जाहिरात असल्याचं त्यात स्पष्ट लिहायला लावा. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या वेळी 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. रीलला चित्रपटातलं गाणं लावतानाही सांभाळा. व्यवसायाच्या खात्याला ते वापरायचा हक्क नसतो, आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच काढला जातो. फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटा देते ते मोफत संगीत वापरा, नाहीतर बागेतला आवाजच राहू द्या.

फसवणूक करणारेही तुमची पोस्ट वाचतात. स्वतःला लष्करी अधिकारी म्हणवणारा मोठी ऑर्डर देतो आणि ‘पैसे घेण्यासाठी हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका’ म्हणतो. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ‘कॉपीराइटचा भंग झाला, लिंकवर लॉगइन करा’ असा संदेश आला तर लिंक उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच 1930 या क्रमांकावर तक्रार नोंदवा. वेळ जितका जाईल तितकी रक्कम परत मिळण्याची शक्यता घटते.

आठवड्याला किती वेळ?

रोज सकाळी अर्धा तास फक्त उत्तरांसाठी ठेवा आणि संध्याकाळी पुन्हा अर्धा. आठवड्यातून एकदा दोन तास बसून वहीतल्या तीन प्रश्नांवर तीन पोस्ट तयार करा. महिन्यातून एक ब्लॉग लेख. हंगामात लेख सोडा, उत्तरं मात्र चुकवू नका. घरात दोघं असतील तर एकाने चित्रीकरण आणि दुसऱ्याने गिऱ्हाईक सांभाळावं. एकाच्याच डोक्यावर दोन्ही आलं की आधी उत्तरं मागे पडतात.

आणि आकडे मोजाल ते मोजकेच मोजा: किती जणांनी विचारलं, किती जणांना त्याच दिवशी उत्तर गेलं, किती ऑर्डरी आल्या, किती तक्रारी मिटल्या. वर्षाअखेर मागच्या वर्षीची यादी काढा आणि त्यातली किती नावं यंदाही आहेत ते पाहा. शंभरातली पन्नास परत आली असतील, तर तुमचे फॉलोअर आठशे असोत की ऐंशी हजार, तुमचा व्यवसाय उभा राहिला आहे. दहाच आली असतील, तर नवी रील करण्याआधी त्या नव्वद जणांपैकी दहा जणांना फोन करा आणि पुन्हा का घेतलं नाही ते विचारा. त्यांनी जे सांगितलं ते वहीत उतरवा. पुढच्या हंगामाचं काम तिथूनच सुरू करा.